वीस मिनिटं पुढे

मी घड्याळ बोलतोय. काच नाही, लंबक नाही, बारा आकड्यांतले पाच आणि सहा दगडानं खरवडून गेलेले. डिचोली तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात, दारासमोरच्या भिंतीवर मी लटकतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून एकमेकांना तोंड दाखवून जगतात. ज्या दुपारी मला दगड लागला त्या दुपारबद्दल लोक उलटसुलट बोलत असतात. मी तिथेच होतो. त्या दिवसाची सगळ्यात मोठी खोट माझ्याच पोटात होती, म्हणून आता मीच बोलून मोकळा होतो.

माझा जन्म कारखान्यातला. पितळ तापवायचं, ठोकायचं, दाते कापायचे, स्प्रिंग पिळून पिळून पोटात कोंबायची. जन्मालाच एवढा मार खाल्लेला जीव मी, मला वाटायचं आता पुढे काय होणार आहे! म्हापशाच्या एका दुकानात दोन वर्षं धूळ खाल्ली. मग गावातले व्यापारी गोकुळदास आले, त्यांनी माझे ठोके कान लावून ऐकले आणि नवीन आरोग्य केंद्राला भेट म्हणून मला उचलून नेलं. ते साल बहात्तर. माझ्या लाकडी पेटीवर त्यांनी स्वतःचं नाव पांढऱ्या रंगात घालून घेतलं, माझ्या आकड्यांपेक्षा मोठ्या अक्षरांत.

सुरुवातीला मी अगदी खरा होतो. रोज सकाळी सगुण किल्ली द्यायचा. सगुण म्हणजे केंद्राचा शिपाई: दार उघडणारा, झाडणारा, दारात बसून आलेल्याचं नाव लिहिणारा. उंच, वाकलेला, कानात विडी खोचलेला. माझ्यावर त्याचा जीव होता, हे मी नाकारत नाही. माझी वाट त्यानंच लावली, हेही तितकंच खरं.

त्याचं झालं असं. म्हापशाला जाणारी शेवटची सोयीची बस साडेपाचला नाक्यावरून जायची. डॉक्टर, कारकून, औषधं देणारा, सगळे म्हापशाकडचे; सगुणचं घरही त्याच वाटेवर. बस चुकली की ट्रकवाल्यांच्या हातापाया पडायचं. एकदा सगळेच मागे राहिले आणि खनिजाच्या ट्रकावर बसून लाल होऊन घरी पोचले. दुसऱ्या दिवशी सगुण कदेलावर, लाकडी खुर्चीवर, चढला आणि त्यानं माझा मोठा काटा वीस मिनिटं पुढे सारला.

"आता कोण चुकता बस ती बघतंय," तो म्हणाला.

सगळे हसले. सगळ्यांना माहीत होतं, सगळे मनातल्या मनात वीस वजा करायचे. पुढे तर वजा करणंही विसरले, कारण पाच वाजून दहा मिनिटांनीच माझ्यावर साडेपाच व्हायचे आणि डबे भरले जायचे. गावातल्या प्रत्येक घरात एक लाडका खोटारडा असतो ना, तसा मी त्या केंद्राचा झालो.

पंचाऐंशी साली सुमन आली. सिस्टर सुमन, पेडण्यातल्या मांद्र्याची. ठेंगणी, फटकळ, चालताना चपला आपटणारी. ती मागच्या खोलीत राहायची, त्यामुळे बसची भानगड तिला कुणी सांगितलीच नाही. उलट पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून तिनं आपलं मनगटी घड्याळ लावून घेतलं. झालं, दोघंही खोटे. सणाला मांद्र्याला जाताना ती नाक्यावर वीस मिनिटं ताटकळायची आणि परत आल्यावर म्हणायची, "ह्या वाटेची बस कधी वेळेर येवची नाय." सगुण तोंड फिरवून हसायचा. मीही हसलो असेन, काय सांगावं.

पुढच्या मार्चात सर्वण गावची चंद्रावती आली. तिसरा महिना, पोटातलं गेलं होतं, अंगावरून रक्त थांबत नव्हतं. नवऱ्यानं तिला माझ्या खालच्या बाकावर बसवलं आणि तो कागद करायच्या रांगेत उभा राहिला. नाव, वय, गाव, वॉर्ड. सुमन त्या दिवशी वाड्यावर लस टोचायला गेली होती. बाकाच्या फळीवरून रक्त थेंब थेंब खाली उतरत होतं, माझ्या ठोक्याबरोबर. मी मोजत होतो. दुसरं मला काय येतं? ती बाकावरच आडवी झाली, आणि सुमन परत आली तेव्हा सगुण फरशीवर पाणी ओतत होता.

"ती हय किती वेळ बसलेली?" सुमननं विचारलं.

"पाच मिनटां झाली असतीत," सगुण म्हणाला.

"धा," कारकून म्हणाला. नवरा म्हणाला, "दोन तास." डॉक्टर सुदेश, तरुण माणूस, नुसते हात धूत राहिले.

पन्नास. मला माहीत होतं. पण भिंतीवरच्याला विचारतो कोण!

सुमन रात्रभर जागली असणार, कारण सकाळी तिचे डोळे सुजलेले होते आणि हातात दोनशे पानी वही होती. तिनं पानांवर दोन रेघा ओढल्या. पहिल्या रकान्यात माणूस दारात आला ती वेळ, दुसऱ्यात डॉक्टरांचा किंवा तिचा पहिला हात त्याला लागला ती वेळ. पहिला रकाना सगुणनं भरायचा, दुसरा डॉक्टरांनी.

"आपण बरे काय वायट, ता आपल्याक खंय ठावक आसा?" ती म्हणाली. "मोजूया. मगे भांडूया."

आता घोळ कळला का तुम्हाला? सगुण दारात बसायचा, त्याच्या समोर मी. तो माझ्याकडे बघून वेळ लिहायचा. डॉक्टर आतल्या खोलीत, माझ्याकडे त्यांची पाठ. ते आपल्या मनगटावर बघून लिहायचे. त्यांचं घड्याळ खरं. म्हणजे माणूस वहीत आला वीस मिनिटं उशिरा आणि त्याला हात लागला खऱ्या वेळेला. प्रत्येक ओळीत वीस मिनिटांची वाट कमी दिसत होती. मी पुढे आहे हे डॉक्टरांना माहीत होतं. सगुण कुठली वेळ लिहितो, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

पहिल्या महिन्याचा हिशेब सुमननं काढला: सरासरी एकतीस मिनिटं. तिनं कपाळावर हात मारला. खरी होती एक्कावन्न.

पण ती नुसती रडत बसणारी नव्हती. एकतीस मिनिटं जातात कुठे, ते तिनं शोधून काढलं. टाके घालायचं सामान माणूस आल्यावर उकळायला ठेवत, तिनं ते सकाळीच उकळून झाकून ठेवलं. कपाटाची किल्ली डॉक्टरांच्या खिशात असायची, ती खिळ्यावर आली. बाक हलवून आतल्या दाराशी लावला. आणि कारकुनाच्या खिडकीवर तिनं कोळशानं लिहिलं: आधी हात, मग कागद. कारकून महिनाभर तिच्याशी बोलला नाही. आकडा उतरला. बावीस, सोळा, नऊ. पणजीहून शाबासकीचं पत्र आलं, ते माझ्या शेजारी चिकटवलं गेलं.

एकदा मात्र वहीत विंचू चावलेला पोर आला सव्वादहाला, आणि त्याला हात लागला दहा वाजून आठला. सुमन सगुणवर खेकसली, "यायच्या आधी कसो रे हात लागलो? डोळे खंय होते तुझे?" सगुणचा चेहरा उतरला. त्याला त्याच क्षणी कळलं होतं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, मग मान खाली घालून "चुकला माझा" म्हणत आकडा खोडला. खरं सांगितलं असतं तर माझा काटा मागे आला असता, आणि सगळ्यांच्या शिव्या त्याला पडल्या असत्या. तेवढ्यासाठी तो गप्प बसला. मीही गप्प बसलो, पण मला तोंडच नव्हतं.

मग शहाऐंशीचा डिसेंबर आला. कोकणी की मराठी यावरून सगळा गोवा पेटला होता. रस्त्यावर झाडं तोडून आडवी टाकलेली, टायर जळतायत, बसवर दगड. आमच्या दारात फुटकी डोकी येऊ लागली, दोन्ही बाजूंची. एकाच बाकावर दोघं बसायचे, एकमेकांना शिव्या घालायचे, आणि दोघांचंही रक्त एकाच फरशीवर सांडायचं. एकानं टाके पडत असताना शेजारच्याचा कान चावला. सुमननं दोघांनाही थोबाडीत दिली आणि मग उरलेले टाके घातले.

त्यातच वरून तोंडी हुकूम आला. जो जखमी येईल त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका आधी लिहून घ्या, दंगलीतला असेल तर पोलिसांना कळवा, मगच उपचार. सुमन भांडली. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस चालवून घेऊया, सिस्टर. नोकरीचा प्रश्न आहे." कोळशाची अक्षरं कारकुनानं ओल्या फडक्यानं पुसली, अगदी मन लावून.

त्या दुपारी भैरूला आणलं. भैरू आजऱ्याकडचा, खाणीच्या ट्रकवर काम करणारा. रस्त्यात झाड आडवं म्हणून ट्रक चढावर मागे वळत होता, भैरू चाकाखाली दगड लावायला वाकला आणि ट्रक मागे घसरला. मांडीचा चेंदा झाला होता. रस्ता बंद, म्हणून चौघांनी त्याला ताडपत्रीवर घालून दोन मैल धावत आणलं. त्यांच्यामागून त्याची बायको हौसा अनवाणी. ताडपत्रीच्या खोलगट भागात रक्त साठलं होतं, डबक्यात साठतं तसं, आणि दारात ती टेकवली तेव्हा ते उंबऱ्यावरून आत आलं.

माझ्यावर सव्वातीन. सगुणनं ते लिहिलं.

"नाव?"

"भैरू. आवो, आत घ्या की पयलं!" हा दीपक, भैरूच्याच गावचा, दहावीपर्यंत शिकलेला.

"बापायचा नाव? गाव? तालुको? दंगलीतलो मरे हो?"

"ट्रकाखाली घावलाय! दिसत न्हाई व्हय तुमास्नी?"

"ट्रकाखाली म्हणतत सगळेच. गाव सांग."

सगुण दुष्ट नव्हता, हे माझ्यावर विश्वास ठेवून ऐका. हुकूम होता, आणि कारकून मागे उभा होता. आजरा कुठल्या राज्यात, ते कारकुनाला लिहायचं होतं. दीपक आणखी चिडला, त्यानं कारकुनाची गचांडी धरली, त्यांना सोडवण्यात आणखी वेळ गेला. आत सुमन एका फुटक्या डोक्यावर वाकलेली, दार लोटलेलं. आणि ताडपत्रीवर भैरू पाणी मागत होता. एकदा, दोनदा, तीनदा. मग मागेना. सुमन हात पुसत बाहेर आली, तिनं उंबऱ्यावरचं रक्त बघितलं आणि किंचाळली. तिनं हाताला लागेल ते फडकं ओढून त्याची मांडी आवळली, डॉक्टर धावले. त्यांनी मनगटावर बघून लिहिलं: तीन दहा.

डॉक्टरांच्या मनगटावर तीन पंचवीस झाले तेव्हा भैरू गेला. हौसानं त्याच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या, "उठ की रं" म्हणत. नंतर ती आपलंच कपाळ फरशीवर आपटू लागली, आणि तिला धरायला दोन बायका लागल्या.

बाहेर तोवर वीसपंचवीस माणसं जमली होती, खाणीवरची. दीपकनं सगुणच्या मेजावरची वही उचलली. त्यानं ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि त्याचा चेहरा बदलला.

"आरं हितं बघा! सव्वातीनला आला आन् तीन धाला तपासला! यायच्या आदी तपासला व्हय रं? मेल्यावर बसून लिवलंय समदं!"

त्यांना काय दोष देऊ? मी तरी तसंच समजलो असतो. पहिला फटका सगुणला बसला, तोंडावर. त्याचे पुढचे दोन दात फरशीवर पडले. कारकून मागच्या दारानं पळाला. औषधांचं कपाट आडवं केलं, बाटल्यांचा खच झाला. डॉक्टर फोनकडे धावले. फोन माझ्या बरोब्बर खाली होता. ते नाक्यावरच्या पोलीस चौकीला ओरडून सांगत होते तोच एक दांडकं त्यांच्या भुवईवर बसलं. सुमन वहीसाठी दीपकशी झटापट करत होती. कुणीतरी लोखंडी खुर्ची उचलून तिच्या हातावर आपटली, लिहायच्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आणि मग रस्त्याकडच्या खिडकीच्या जनेलातून दगड आला.

माझी काच फुटली, लंबक तुटून डॉक्टरांच्या खांद्यावर पडला. "घड्याळ फोडलं, आता आम्हाला मारतील!" ते फोनमध्ये ओरडले. मला फक्त एवढं कळलं की स्प्रिंग सुटली आणि चौदा वर्षांचा पीळ एका झटक्यात उलगडला. काटे थांबले. चार दहा.

चौथ्या दिवशी पणजीहून चौकशीला अधिकारी आले. फुटक्या खोलीत, त्याच बाकावर सगळ्यांना बसवलं. सुमनचा हात गळ्यात, डॉक्टरांच्या भुवईवर टाके, सगुणचं तोंड सुजलेलं. समोर दीपक, दोन पोलिसांच्या मध्ये, आणि कोपऱ्यात हौसा. वही अधिकाऱ्यांच्या मांडीवर.

"सिस्टर, ही नोंद खोटी आहे हे तुम्हाला मान्य आहे?"

"खोटी नाय," सुमन म्हणाली. "कशी झाली ता माका कळत नाय, पण मी खोटा लिवलंय नाय." नऊ महिने मोजून मोजून तिनं ज्यासाठी हात मोडून घेतला, ते सगळं आता खोटारडेपणात जमा होणार होतं. नोकरी जाईल, वही जळेल, आणि केंद्रात पुन्हा पाच मिनिटं, धा मिनिटं सुरू होईल.

अधिकाऱ्यांनी पोलिसांचा कागद काढला. "चौकीवर फोनची नोंद तीन पन्नासची आहे. फोनवरच डॉक्टर म्हणतात, घड्याळ फोडलं." त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. "आणि हे चार दहाला थांबलंय. फोननंतर वीस मिनिटांनी फुटणारं घड्याळ फोनमध्ये कसं फुटलं?"

मग सगुण उठला आणि हात जोडून थेट हौसापुढे जाऊन उभा राहिला.

"तो काटो मी फुडें सारलेलो. बस चुकू नये म्हणान. आठ वर्सां झाली. सिस्टराक ठावक नाय. तुझो घोव सव्वातीनाक येवक नाय गे बाय, तो तीनाक पाच कमी आसताना इल्लो."

सुमननं डोळे मिटले. तिच्या ओठांवर वजाबाकी चाललेली मला दिसत होती. "पंधरा मिनटां," ती म्हणाली.

"पंधरा मिन्टं म्हंजे किती?" हौसानं विचारलं. "मला घड्याळ कळत न्हाई. बसून दाखवा."

अधिकारी काहीतरी बोलणार होते, पण डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ काढून मेजावर ठेवलं. आणि सगळे बसले. नुसते, गप्प. दोन मिनिटांत अधिकारी चुळबुळू लागले. पाच मिनिटांनी एका पोलिसानं टोपी काढली. सातव्या मिनिटाला सगुण हुंदके देऊ लागला, तोंडावर हात दाबून. दीपकनं डोकं गुडघ्यांत घातलं. हौसा मात्र उंबऱ्याकडे बघत होती, पापणी न हलवता. बाहेर नाक्यावर पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला, पाव घेऊन तो आला आणि गेला, तरी पंधरा मिनिटं संपलेली नव्हती.

"झाली," डॉक्टर म्हणाले.

"एवढा येळ त्यो पानी मागत हुता?"

"होय," सगुण म्हणाला.

"आदी बांदलं असतं तर?"

डॉक्टर खोटं बोलू शकले असते. "कदाचित वाचला असता, हौसाबाई. खात्रीनं सांगता येत नाही. पण कदाचित."

ती उठली. सगळ्यांना वाटलं आता ही सगुणच्या नरडीला जाणार. गेलीही असती, तिची बोटं तशी वळली होती. पण ती सुमनपुढे थांबली. "बाई, तुमचा आकडा खरा करा," एवढं म्हणून ती बाहेर गेली.

सुमननं खरा केला. डाव्या हातानं, लाल शाईनं, नऊ महिन्यांच्या प्रत्येक ओळीत वीस मिळवले. एकतीसचे एक्कावन्न. नऊचे एकोणतीस. शाबासकीचं पत्र भिंतीवरून काढून तिनं नवीन आकड्यांसह परत पाठवलं. वरून निरोप आला की जुनं उकरू नका. तिनं उत्तरात पुढच्या महिन्याचा आकडा पाठवला. तोंडी हुकूम पाळायचा नाही, लेखी असेल तर दाखवा, असं डॉक्टरांनी पहिल्यांदाच सही करून लिहून दिलं. खिडकीवर पुन्हा चार शब्द आले, या वेळी तेलाच्या रंगात.

गोवा राज्य झालं त्या वर्षी माझ्या शेजारी नवीन घड्याळ लागलं. रेडिओवरच्या बातम्यांच्या ठोक्याला ते रोज लावतात. लावते कोण, तर हौसा. ती आता इथेच आया आहे. सुमननं तिला घड्याळ शिकवलं, भाताच्या दाण्यांनी पाच-पाचाचे ढीग मांडून. माणूस दारात आला की ती मोठ्यानं ओरडते, "धा वाजून चार! आलं!" आणि आतून कुणाचा हात लागेपर्यंत ती गप्प बसत नाही. परवाचा आकडा सहा होता. खरा सहा. दीपक तुरुंगातून सुटून आला तेव्हा त्यानंच आम्हा दोन्ही घड्याळांचे खिळे नवीन ठोकून दिले. सगुण आता बस चुकली की चालत जातो.

मला भंगारात टाकायचं ठरलं होतं. हौसानं नको म्हटलं. एका सकाळी ती कदेलावर चढली, पदरानं माझ्या तोंडावरची धूळ पुसली, आणि बोटानं माझा मोठा काटा हळूहळू मागे ढकलत नेला. चार दहा, चार, मग तीन पन्नास. तिथे थांबली.

तुम्ही या दारातून आत आलात आणि कुणी आधी कागद पुढे केला, तर माझ्याकडे बोट दाखवा. ज्या घरात, ज्या कचेरीत माझ्यासारखा एखादा लाडका खोटारडा भिंतीवर असेल, त्याचा काटा आजच मागे घ्या. मी तेवढंच मागतो.

"शिस्टर," हौसानं कदेलावरून विचारलं, "ह्यो आता बराबर हाय न्हवं?"

सुमननं वर बघितलं.

"बरोबर आसा," ती म्हणाली.

काटा पुढे सारल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं.